दोन नंबरचं बटण

४ जानेवारी, रविवार

त्या विक्रेत्याने मला नवऱ्याची धाकटी बहीण समजलं! आणि ताईंना बायको!

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो होतो. नवरा, मी आणि ताई. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. गाडी आमची, पण ताईंना विचारल्याशिवाय आमच्या घरात टाचणी येत नाही, तिथे गाडी कुठली यायला! ती दोघं निळ्या सेडानच्या बॉनेटवर वाकून टर्बो, पिकअप, सस्पेन्शन असं काय काय बोलत होती. मी मागे पर्स धरून उभी. विक्रेता सीटच्या कडेची बटणं दाखवायला लागला. "सीटला मेमरी आहे. आपल्या मापाने एकदा जुळवून ठेवायची, मग बटण दाबलं की सीट आणि बाहेरचे आरसे आपोआप तिथेच येतात. एक नंबर सरांचं, दोन नंबर मॅडमचं." हे ताईंकडे बघून! मग मागे वळून मला म्हणतो, "आणि या धाकट्या बहीण का? पाणी घेणार तुम्ही?"

नवरा हसला. ताई तर खो खो. "अहो, ती याची बायको! मी बहीण!" विक्रेत्याने जीभ चावली. मीही हसले. दात दाखवायला मला काय लागतं, धंदाच दातांचा आहे माझा.

पण त्याचं तरी काय चुकलं? ताई पंचावन्नच्या, दिसतात चाळिशीच्या. उंच, ताठ, केस कापलेले. मी त्यांच्या खांद्याला लागते. मला त्या 'चिमणे' म्हणतात. त्रेचाळीस वर्षांची चिमणी! आणि माझा सहा फुटी नवरा त्यांचा 'छोट्या'.

गाड्या दोन आहेत मनात. लाल, ती गिअरची. नवऱ्याला हवी आहे. निळी ऑटोमॅटिक. ती मला आवडली, पण मला विचारलंय कोणी? निळा असा, की सावलीत काळाच वाटावा. ताई हळूच म्हणाल्या, "चिमणे, ही निळी ना गं? की काळी?" परीक्षा घेत होत्या माझी! दिवसभर लॅबमध्ये कृत्रिम दातांच्या छटा जुळवते मी. मला रंग विचारतात!

५ जानेवारी

लॅबमध्ये भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, हा सुळा रागात कोरलाय का? पेशंट स्वतःचा ओठ फाडून घेईल."

पुन्हा कोरला.

८ जानेवारी

आज तर कमाल झाली. औषधाच्या दुकानातून ताई बाहेर पडत होत्या, मी शेजारच्याच पायरीवर. हात केला. हातभर अंतरावरून गेल्या, मान ताठ, नजर समोर! एवढीशी पिशवी छातीशी धरलेली. मी उचललेला हात केसांवरून फिरवला, लोकांनी बघायला नको.

नवऱ्याला सांगितलं. म्हणे, "अगं, विचारात असेल." त्यांच्या विचारांनासुद्धा वकील आहे घरात.

मी रस्त्यात ओळख दाखवली नसती, तर? महिनाभर चर्चा झाली असती.

११ जानेवारी, रविवार

लाल गाडीची टेस्ट ड्राइव्ह. विक्रेत्याने किल्ली आधी ताईंपुढे धरली. (आता बहीण आहे हे माहीत असूनही!) ताई म्हणाल्या, "नको, छोट्याला चालवू दे." त्याग! भावासाठी त्याग करायची एक संधी सोडतील तर शपथ. फिरतीच्या नोकरीत जन्म गाडीत गेला, घाटात ट्रकवाल्यांना मागे टाकायच्या म्हणे. याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं ते यांनीच. आई लवकर गेली ना, मग ताईच आई. ही कथा मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. आता पाठ म्हणून दाखवीन.

मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या आणि डोळे मिटून घेतले. इंजिन ऐकत होत्या! मधेच डोळे न उघडता, "छोट्या, तिसऱ्या गिअरला जरा कण्हते रे ही." नवरा खूश. "ताई, तुला कसं गं कळतं!" मांजर डोळे मिटून दूध पितं ते हेच. मलाही ऐकू येत होतं की. पण मी म्हटलं असतं, तर तो म्हणाला असता, एसी असेल.

उतरताना ताईंचं कोपर दाराच्या कडेला दाणकन आपटलं. मला बरं वाटलं. लिहिते आहे खरं.

मग पुन्हा निळीपाशी. ताई एकदम म्हणतात, "चिमणे, बस बघू जरा चालवायच्या जागेवर." मी नाही म्हटलं. माझं लायसन्स आहे, पण त्यावर फोटो चांगला आलाय म्हणून ओळखपत्र दाखवायलाच वापरते. क्लच दाबायचा तर मला सीटच्या टोकावर यावं लागतं, मग समोरचं दिसत नाही. लग्नानंतर नवऱ्याने शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तो ओरडला, मी रस्त्यात गाडी सोडून चालत घरी आले. तेव्हापासून बंद.

तरी बसवलंच मला. पाय लोंबकळत होते. विक्रेता खाली बघून हसला. ताई खाली वाकून माझ्या गुडघ्यापासून पुढे वीत मोजायला लागल्या! वीत आणि वर चार बोटं. मग डोक्यावर छतापर्यंत. शिंप्याने माप घ्यावं तसं! "केवढीशी आहेस गं तू," म्हणाल्या. सगळ्यांसमोर.

रडू आलं होतं. पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

१२ जानेवारी

केवढीशी आहेस गं तू! केवढीशी आहेस गं तू!

१५ जानेवारी

ताईंचा फोन, अर्थात त्याला. अर्धा तास. शेवटी निकाल: निळी घ्यायची!

नवराही चक्रावला. जन्मभर ऑटोमॅटिकला 'मिक्सर' म्हणणारी बाई! "गाडी हाताने चालवायची असते, बटणं मिक्सरला असतात," हे त्यांचंच वाक्य. आणि आता म्हणे, "मिक्सर तर मिक्सर, पण निळीच घे. माझं ऐक." आणि याने ऐकलं. महिनाभर लालच्या फोटोंवर लाळ गाळत होता, एका फोनमध्ये लाल गेली.

मी दोनदा म्हटलं होतं, निळी बरी वाटते. तेव्हा काय म्हणाला होता? "तुला त्यातलं काय कळतं!"

म्हणून आज मी जाहीर केलं, मला लाल हवी. लालच! गिअरची! तो बघतच राहिला. "अगं, तुला तर निळी आवडली होती." आवडली होती. ताईंना आवडायच्या आधी.

१७ जानेवारी, शनिवार

आता सगळा उलगडा झाला!

सिग्नलला ताईंची गाडी दिसली. ती पांढरी, मागच्या काचेवर कोपऱ्यात चीर गेलेली. चालवत होता एक मिशीवाला. शेजारी त्याची बायको, मागे पोरं. घरी येऊन विचारलं तर नवरा सहज म्हणतो, "हो, विकली तिने. मागच्याच महिन्यात. म्हणाली जुनी झाली, कंटाळा आला." मला कधी सांगणार होतास? "विसरलो."

म्हणजे ताईंची स्वतःची गाडी गेली. म्हणून आमच्या गाडीची एवढी काळजी! म्हणून ऑटोमॅटिक, वयात आता गुडघे दुखत असतील! आणि म्हणून सीटला दोन बटणं! एक भावाचं, दोन बहिणीचं. मी मागे, पर्स धरून.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? सरळ म्हणा ना, गाडी मला हवी आहे.

१८ जानेवारी

भांडण. लिहावंसं वाटत नाही, पण एवढंच लिहिते. तो म्हणाला, "ती मला आईच्या जागी आहे." मी म्हटलं, "आणि मी कुणाच्या जागी?"

"तू तुझ्या जागी."

"ती कुठली ते दाखव."

मग मोरीचा नळ गळतोय म्हणून पान्हा घेऊन गेला. तो नळ गेलं वर्षभर गळतोय.

२० जानेवारी

निळी बुक झाली. दोन मतं विरुद्ध एक.

२६ जानेवारी

आज ताई घरी आल्या होत्या. रिक्षाने. चहा घेतला. माझी लॅब कुठे, सुटते कधी, वाटेत रहदारी कितपत, सगळं खोदून खोदून विचारलं. वेळा काढतायत, मी घरात नसते तेव्हा गाडी न्यायला! मी पण मुद्दाम म्हटलं, "माझं काही ठरलेलं नसतं." अंधार पडायच्या आत निघाल्या. जेवायला थांबा म्हटलं नाही मी. नवऱ्याने म्हटलं, तरी थांबल्या नाहीत. जिन्यात त्याचा हात धरून उतरल्या. एवढी मोठी बाई, भावाचा हात धरून!

तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा काही फुललेला. माझा हात शेवटचा कधी धरला होता याने?

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली.

खरं सांगायचं तर सुंदर आहे. उन्हात उभी होती तेव्हा निळा रंग असा वर येत होता, की क्षणभर मी सगळं विसरले. नवरा लहान मुलासारखा भोवती फिरत होता. आणि मग ताईंनी दार उघडलं आणि चालवायच्या जागेवर जाऊन बसल्या. सगळ्यांच्या आधी! "तुम्ही जरा तिकडे व्हा रे," म्हणाल्या. "मला पाच मिनिटं द्या."

पाच कसली, चांगला अर्धा तास! फाटकापाशी उभी राहून बघत होते मी. सीट पुढे, सीट मागे, वर, खाली. मान खाली घालून हाताने चाचपत होत्या, वीत टाकून मोजत होत्या. मग आरसे. एकेक आरसा बटणाने कितीदा हलवला! शेवटी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसत्या बसल्या. इंजिन बंद. डोळे मिटलेले. मालकीण!

उतरल्या आणि म्हणाल्या, "छोट्या, दोन नंबरला हात लावायचा नाही हां. ते मी लावून ठेवलंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणतो, "बरं, ताई." बरं, ताई!

मला कुणी बस म्हटलंच नाही. मीही बसले नाही. डोकं दुखतंय म्हणून वर आले. खिडकीतून पाहिलं, पहिली चक्कर मारायला ती दोघंच गेली. ताई त्याच्या शेजारी.

इतकी जळते आहे मी! चांगलं नाही हे, कळतं मला. पण कळून वळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

नवरा अंघोळीला गेल्यावर किल्ली घेऊन खाली गेले. गाडीचं माहितीपुस्तक सकाळीच वाचून ठेवलं होतं. दुसऱ्या कुठल्याही मापावर सीट आणायची, 'सेट' दाबायचं, वर दोन दाबायचं. जुनं माप पुसलं जातं. पुसून टाकणार होते! विचारलं असतं तर म्हणाले असते, चुकून हात लागला.

आत बसले. सीट नवऱ्याच्या मापाची, पाय लोंबकळत. म्हटलं, पुसण्याआधी बघू तरी महाराणी कशा बसतात. दाबलं दोन.

सीट पुढे सरकायला लागली. ताई इतक्या उंच, सीट मागे जायला हवी. पण ती पुढेच चालली. आणखी पुढे. मग वर उचलली गेली. थांबली.

माझा पाय ब्रेकवर होता. टाच खाली टेकलेली. समोर बॉनेटचं टोक दिसत होतं. आरशात मागचा रस्ता, फाटक, सगळं जिथल्या तिथे.

सीट मागे सारून पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच. माझ्याच मापाची!

कशाला पण? मी तर चालवत नाही.

पुसलं नाही. वर आले. नवऱ्याला काही विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

ताईंचा फोन. त्याला नाही, मला.

"चिमणे, सीट बसली का गं नीट?" मग म्हणाल्या, "मला काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलं, समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. तेही जाईल. स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. म्हणून विकली गाडी. दर बुधवारी दवाखान्यात जावं लागणार आहे. न्यायला तू येशील का? आधी मोकळ्या मैदानात शिकवीन तुला, शेजारी बसून. मी ओरडत नाही. छोट्याला नको सांगूस इतक्यात. त्याला अजून काही माहीत नाही. कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे."

मी येते म्हटलं. फोन ठेवला.

पहिल्यांदा मला. भावाच्याही आधी, मला.

हेच हवं होतं ना गं तुला?