तिसऱ्या पातळीचा उखाणा

येरमाळा, ३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षास आत्याचे अनेक आशीर्वाद. तू लिहाय-वाचाय शिकवलंस अन् फोन नको, पत्रच लिही म्हणालीस, म्हणून हा उद्योग.

आमच्या बचत गटात मोठ्या माणसांची डोकी तपासाय एक बाई आल्यात. कोडं सोडवायचं, उत्तर तोंडी सांगायचं. पहिली पातळी सोपी, मग अवघड होत जातंय. तिसरी जी पार करील तिच्या हाती हायवेवरचं मसाल्याचं दुकान, असं गटानं ठरवलंय. मला ते पाहिजेच. मिरच्या कांडण्यात जन्म गेला, आता गल्ल्यावर बसायचंय.

दोन पातळ्या म्या चहा निवायच्या आत सोडवल्या. तिसरीत चौघांच्या वेळा बघून बैठकीला कोण मोकळं ते सांगायचं होतं. माणूस लगेच सापडला, पण त्याचं नाव अन् ह्यांचं नाव एकच. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ? बसले गप. बाईंनी लिहिलं, आलं न्हाय. येत्या १४ तारखेला एकदाच पुन्हा बसता येतंय. काय करू, कळव.

तुझ्या मायेची,
हरणाआत्या

तुळजापूर, ७ फेब्रुवारी

ती. आत्यांस सा. न. वि. वि. पत्र वाचून शाळेत एकटीच हसत सुटले. अहो, धनाजीमामांचं नाव लग्नाकार्यात उखाण्यात घेताच की. तसंच घ्या. गप्प बसून दुकान घालवलंत तर मी येरमाळ्यात पाऊल टाकणार नाही.

हक्कानं रागावणारी,
प्रतीक्षा

येरमाळा, १५ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षास आशीर्वाद. पोरी, दुकान मिळालं!

काल उखाणा पाठ करून गेले, तर बाईंनी कोडंच बदललेलं. चौघांपैकी पहाटेच्या गाडीनं कुणी जावं? डोकं लावलं, माणूस सापडला, अन् त्याचं नाव निघालं माझ्या सासऱ्यांचं. घ्या आता. सासऱ्यांच्या नावाचा उखाणा कुणी ऐकलाय का? मग आमच्या येडाईदेवीचा धावा केला अन् सुचलं. उभी राहिले अन् म्हणाले,

येडाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढते जोडीनं,
धनाजीरावांच्या वडिलांनी जावं पहाटेच्या गाडीनं.

बाई हसून बेजार. तिसरी पातळी पार, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

आज दुकान उघडलं. पहिला फोन ह्यांचाच, समोरच्या टपरीवरून. घरात डबाभर मसाला असून पावशेर मागवला. गिऱ्हाईकाचं नाव विचारावं लागतंय, म्हणून विचारलं. तर टपरीवरच्या चार माणसांत म्हणतात कसे,

काळ्या मसाल्याला येतो दगडफुलाचा वास,
हरणाबाईंच्या दुकानाचं गिऱ्हाईक मी खास.

लाजून फोन ठेवला. पावशेर सांगितला होता, अर्धा किलो बांधला.

आता पाऊल टाक, वाट बघते.
तुझी हरणाआत्या