टकल्या बरा आहे

१२ मार्च, रविवार दुपार

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. सूनबाईची पाठ आता कशी आहे? तिला म्हणावं, जड पिशव्या नवऱ्याला उचलू दे. माझे गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी बातमी. टकल्या बरा आहे. टाकीतल्या दगडाच्या भोकातून डोकं काढून मी कुठे जाते ते बघत असतो. बाकीचे मासे गेले, ते तुला ठाऊकच आहे. आधी केशरी जोडी, मग माझ्या बोटामागे काचेपलीकडून फिरणारी ती पिवळी. अंगावर डाग नाही, पर झडलेले नाहीत. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी तळाशी आडवी. निवृत्त झाल्यावर हॉस्पिटलातल्या बाकीच्या सिस्टर सहलींना गेल्या, मी खाऱ्या पाण्याची टाकी मांडून समुद्र घरी आणला, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर रिकामा होत होता.

तू फोनवर विचारलंस, "आई, दोनदा खायला घातलंस का? मीठ जास्त पडलं का?" मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र मिठाचा डबा उघडून बघत बसले. त्याआधी तू गॅसबद्दल विचारलं होतंस, चष्म्याबद्दल विचारलं होतंस. माणसाला सारखं विचारत राहिलं की त्याला खरंच आठवेनासं होतं.

माशांच्या दुकानदाराने पाणी तपासलं. म्हणाला, "काकू, पाणी एक नंबर आहे. तुमच्या हातून काही चुकलेलं दिसत नाही." धीर यायच्या ऐवजी माझा धीर सुटला. पाण्यात दोष नाही म्हणजे तो माझ्यातच, असं वाटलं. त्याच संध्याकाळी मी तुला म्हटलं, "बरं, येते मी तुमच्याकडे राहायला. घर विकायचं बघ." तू किती खूश झालास. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतोय.

परवा टकल्याही वर येऊन तोंडाची उघडमीट करायला लागला. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. अरे, नवजात बाळांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. कोण भुकेने तोंड उघडतंय आणि कोण श्वासासाठी, हे मला कुणी सांगायला नको. हा श्वासासाठी धडपडत होता.

टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, त्यात त्याला सोडलं, बादली स्वयंपाकघरात नेली आणि बॅटरीवरचा छोटा पंप लावला. माझं जेवण, आवराआवर होईपर्यंत त्याचे कल्ले संथ झाले. पाणी तेच, मीठ तेच, हात माझेच. बदलली होती फक्त खोली.

मग हॉलमध्ये येऊन मोठ्या पंपाशी उभी राहिले. तो खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. म्हणजे दोष हवेत. पण हवेत काय असणार? विचार करतेय तोच कानाशी फुस्स झालं.

सोन्या, तू मागच्या वेळी आणलेलं ते सुगंधाचं यंत्र. थोड्या थोड्या वेळाने आपोआप फवारणारं. घराला माशांचा वास येतो म्हणून तूच ते फळीवर ठेवलं होतंस, पंपाला अगदी खेटून. तुला काय ठाऊक? मला तरी कुठे ठाऊक होतं? आणलंस ते मायेनेच.

यंत्र काढून टाकलं, खिडक्या सताड उघडल्या, पाणी बदललं आणि टकल्याला परत सोडलं. हॉलमध्ये पोहतोय, पुन्हा एकदाही धापा टाकल्या नाहीत. दुकानदार सगळं ऐकून म्हणाला, "काकू, हे मला सुचलं नसतं." खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. येताना रस्त्याने एकटीच हसत होते. बघणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

तू हे मनाला लावून घेऊ नकोस. मासे गेले त्याचं वाईट वाटतं, पिवळीचं जरा जास्तच. पण तुझ्यावर राग नाही. मी स्वतःकडेच संशयाने बघायला लागले होते, ते थांबलं, हे केवढं तरी आहे. माझं डोकं शाबूत आहे रे. नुसतं शाबूत नाही, चांगलं पळतं.

तेव्हा घर बघायला कुणाला पाठवू नकोस. माझ्यासाठी रंगवलेली खोली रिकामी ठेवू नका, सूनबाईला तिथे तिचं शिवणयंत्र मांडू दे. मी पाहुणी म्हणून येईन, मनसोक्त राहीन आणि परत येईन. पुढे कधी खरंच जमेनासं झालं, तर ते आधी मलाच कळेल, आणि मग लगेच तुला कळेल. लपवणार नाही. तेवढा विश्वास आता तू माझ्यावर ठेवायचा.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या भरवशावर सुखात असलेली,
तुझी आई