सुकरीनंतरचा नेम

प्रिय रोशनभाऊ,

सुकरी गेल्याचं तुम्हाला ब्रह्मपुरीत कळलं असेलच. तुमचा फोन तीनदा आला, मी उचलला नाही. बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलो, ते आज कामी येऊन राह्यलं.

चैतात ती मोहफुलं वेचायला गेली होती. वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी झाडाखाली वाकावंच लागतं. मी पलीकडच्याच झाडाखाली होतो. तिचा आवाजसुद्धा आला नाही.

तुम्ही मला बाप्तिस्मा दिला त्याला अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून दारू सोडली, रोज पहाटे प्रार्थनेला बसलो, तुम्ही ब्रह्मपुरीला गेल्यावर आपल्या सहा घरांची रविवारची उपासना चालवली. लोक मला नेमाचा माणूस म्हणतात. तुम्हीही माझंच उदाहरण देत होता. खरं काय ते आज सांगतो. सुकरीनं, माझ्याच बायकोनं, येशूला कधी मानलं नाही, ती तिच्या कुळाच्या देवालाच हात जोडत राहिली. पण पहाटे मला हलवून तीच उठवायची. "उठा जी, तुमच्या देवाची येळ झाली," म्हणायची आणि मी डोळे मिटेपर्यंत दारात उभी राहायची. एकदा मी चिडलो, तुले काऊन एवढी काळजी म्हणून. तर म्हणाली, "तुम्ही बसता त्या दिवशी पीत नाई. मले तेवढं पुरे." माझा नेम म्हणजे ती होती, भाऊ.

ती गेल्यावरही बसतो. शब्द येत नाहीत. बायबलमधली एकच ओळ चारदा वाचतो. रविवारी सांगतो की प्रभू ऐकतो, आणि माझाच आवाज मला परका वाटतो. मंडळीतली निशाबाई म्हणाली, धीर धरा, परीक्षा आहे. परीक्षा माझी, तर मेली ती काऊन?

तिचे विधी तिच्या रीतीनं तिच्या भावानं, अंकुशनं केले. मी अडवलं नाही. परवा शेवटच्या कार्याला त्यानं मोहाची दारू काढली. फुलं तिनंच वेचून अंगणात वाळत घातलेली. दर वर्षी ती सगळी बाजारात विकून यायची, घरात मूठभरही ठेवायची नाही. अंकुशनं पानाचा दोना माझ्यापुढे धरला, आग्रह केला नाही. मी प्यालो. मग आणखी मागितली. काल दिवसभर प्यालो. आणि भाऊ, बरं वाटलं.

आज ऊन अंगावर आल्यावर उठलो आणि तसाच प्रार्थनेला बसलो. तोंडाला वास येत होता. माफीही मागता आली नाही. म्हणून हे पत्र. येत्या रविवारपासून उपासनेला दुसरा माणूस पाहा. आदेशला चांगलं वाचता येतं, त्याला सांगा. का ते लोकांना मीच सांगेन, तुमच्यावर ते ओझं टाकत नाही. पुन्हा पिणार नाही असं वचन देत नाही. अकरा वर्षं ज्या बळावर पाळलं ते माझं नव्हतं. मला फक्त दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसू द्या. प्यालेला असलो तरी हाकलू नका.

तुमचाच,
बिरजू