निळे तुकडे काढणार नाही

सौंसर
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

चि. वैभवला ताईचा आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत आहोत. थंडी चांगलीच पडली आहे. कुणालची परीक्षा सुरू आहे आणि तो अभ्यास सोडून बाकी सगळं करतो आहे. तुझे भाऊजी उद्या पांढुर्ण्याला येऊन राहिले, त्यांच्या हाती हे पत्र आणि डिंकाचे लाडू पाठवते. लाडू ऋतुजाने खायचे आहेत, तू नाही. छोकरी आता झोपू देते का? बाबांचा गुडघा कसा आहे?

फोन असताना ताईने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. मी महत्त्वाचं बोलायला लागले की तू फोन बाबांच्या हातात देतोस. मग आठवीच्या साठ पोरांना धाकात ठेवणारी मी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, "हो बाबा" म्हणून गप्प बसते. कागदाचं तसं होत नाही. तो कुणाच्याही हातात दिलास तरी त्यावर लिहिलेलं तेच राहतं.

तर दुपटं. रविवारच्या बारशासाठी ते तयार आहे. दोनशेच्या वर षट्कोनी तुकडे आहेत आणि मशीनला हातही लावलेला नाही. आईची पेटी माझ्याकडे आली तेव्हा ऋतुजाची आई म्हणाली होती, जुनेरं नेऊन काय करशील. त्यांना आता दाखव. साचे कापायला बाबांनी माझ्या लग्नात हौसेने जास्तीच्या छापलेल्या पत्रिका कामी आल्या. पत्रिकेच्या तुकड्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचं. सहाही बाजू जोडल्या गेल्या की आतला कागद ओढून काढायचा. तुझे भाऊजी म्हणाले, आपल्या लग्नाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. घरात जन्मलेल्या आणि घरात आलेल्या प्रत्येक बाईच्या अंगावरचं कापड बाळाच्या दुपट्यात पडलं पाहिजे. आजीचं हिरवं लुगडं, जयवंता आत्याचं जांभळं पातळ, आईची विटकरी साडी, ऋतुजाची ओढणी, माझा गुलाबी ड्रेस. आणि निळ्यावर पांढरे ठिपके असलेला आपल्या तृप्तीचा कुर्ता, जो आईने पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवला होता.

मी दुपट्याचा फोटो पाठवला आणि शुक्रवारी तुझा फोन आला. "ताई, ते निळे तुकडे काढून टाक. बाबा लय चिडून राहिले. नाही तर दुपटं आणूच नको म्हणतात."

मी काढायला बसले होते, हे तुला सांगते. खोटं कशाला बोलू? बाबांचा शब्द म्हटला की माझे हात आपोआप चालतात. एक निळा तुकडा उसवला आणि त्याच्या भोवतालचे सहाही तुकडे सुटून लोंबायला लागले. आजीचा, आईचा, माझासुद्धा. मला वाटलं, आईने कुणालचं दुपटं शिवलं तेव्हा कसं भागवलं असेल? कुणालच्या वेळी तृप्तीला घर सोडून दोन वर्षं झाली होती, आणि बाबांनी दुपटं स्वतः उलटंपालटं करून पाहिलं होतं. म्हणून मी कुणालचं जुनं दुपटं काढलं. त्याचा एक कोपरा फाटला होता, तिथून आत हात घातला.

वैभव, आतल्या थरात निळं फूल आहे. मधे एक आणि भोवती सहा तुकडे, तिच्या त्याच कुर्त्याचे. टाके इतके बारीक, इतके नेटके, की वरच्या बाजूचे फिके पडावेत. जे कुणी पाहणार नव्हतं ते आईने सगळ्यात मन लावून शिवलं होतं. मी दुपटं पोटाशी धरून खूप रडले. मग उसवलेला तुकडा परत जोडला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आपण नऊ वर्षं काढली. दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. केतन चांगला माणूस आहे, आणि नसता तरी ती आपली बहीण आहे. तिचं मोहगाव माझ्या घरापासून बसने किती लांब? मी एकदाही गेले नाही. तुला आणि बाबांना बोल लावायला मी काही फार उजळ माथ्याची नाही, आणि आता जे लिहिणार आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आई अंथरुणावर होती आणि मी तिच्याजवळ राहायला आले होते, तेव्हा तृप्तीचा मला फोन आला होता. "ताई, मी येऊ का? दारातूनच पाहीन अन् जाईन." बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आई झोपली हाये. आता बरी हाये. तू नको येऊ."

आई जागी होती. माझ्याकडेच पाहत होती. कोण होतं, तिने विचारलं. मी म्हटलं, शाळेतून फोन होता. तिसऱ्या दिवशी आई गेली. तिने ओळखलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

परवा रविवारी मी मोहगावला गेले आणि हे सगळं तृप्तीला तोंडावर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग चहा केला. तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तिने तसं म्हटलेलं नाही. बारशाला चल म्हटलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "येईन. पण मागच्या दारानं नाही येणार."

तेव्हा आता नीट वाच. रविवारी दहाच्या बसने आम्ही दोघी येऊ आणि समोरच्या दाराने येऊ. बाबांशी मी बोलेन, तू मधे पडू नकोस. दुपटं आमच्यासोबत येईल, निळ्या तुकड्यांसकट. तृप्तीला दारातून परत पाठवलं तर मीही तिच्यासोबत परत फिरेन आणि दुपटंही नेईन.

बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. मी थोरली, म्हणून तो माझा होता. तो मी तृप्तीला दिला आहे. पाळण्याजवळ तिला जागा करून देणं तुझं काम, तू पोरीचा बाप आहेस.

बाबांना नमस्कार. ऋतुजाला आणि छोकरीला खूप खूप प्रेम.

तुझ्या दोन बहिणींतली थोरली,
अमिता