ब्रीचं टोक

इंगुन,

तू गाढ झोपली आहेस, म्हणून उठवत नाही. मी बाजारात जाऊन येते. कॉफी गरम करून घे.

दुपारी माझ्या नणंदेकडे, मादलेनकडे जेवायला जायचंय. ती भारी खडूस आहे. माझा नातू लोइक तुला काही सांगणार नाही, त्याला तुझ्याशी लग्न करायचंय. म्हणून मीच सांगते. दारात शिरताच सगळ्यांना आधी 'बाँजूर' म्हण, बाकीचं नंतर. फुलं नेलीस तर शेवंती नको, ती आम्ही फ्रेंच लोक कबरीवर वाहतो. आणि ब्री किंवा तसल्या चीजच्या तिकोनी तुकड्याच्या टोकाला हात लावू नकोस. सगळ्यात चवदार भाग तोच, म्हणून तो एकट्याने उचलायचा नाही. कडेने लांबट कापायचं, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो.

काल तू ब्रीचं टोकच कापून घेतलंस आणि मी टेबलावरून उठून गेले. लोइक लाजेने लालबुंद झाला. मी रागावले असंच वाटलं ना तुम्हाला?

अगं, माझा नवरा ओक्ताव्ह जन्मभर तेच करायचा. पाहुण्यांसमोर मी खेकसायचे, "जरा लाज बाळग!" तो टोक तोंडात टाकून म्हणायचा, "लाज तू बाळग, टोक मी खातो." तो गेल्यापासून या टेबलावर सगळे फार शहाण्यासारखे जेवतात.

येताना नवी ब्री आणते. रात्री टोक तूच काप. मी खेकसेन. तू खुशाल खा.

ओदेत आजी