इकडं खांब, तिकडं रांग

प्रिय अरुण,

तू गेलास त्याला चार महिने झाले. रोज तुझ्याशी बोलते, भाजी निवडताना, दिवा लावताना, पण मनातल्या मनात. पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आज लिहितेय, कारण आज मला तुझा राग आलाय आणि तो मनात मावत नाही. समोर असतास तर कान धरला असता. साठीच्या माणसाचा कान! हो, धरलाच असता.

कशाचा राग ते तुला माहीत आहे. इतकी वर्षं माहीत नव्हतं ते फक्त मला.

गेल्या शनिवारी मंदा आली होती. आठवते ना? भोकरदनच्या आपल्या शाळेची खो-खोची कॅप्टन. मी वर्गात तिला इंग्रजीचे काळ शिकवायचे आणि ती खिडकीतून मैदानाकडं बघत बसायची. आता धावड्याला नांदते. कपाळावरचे केस पिकलेत, पण दारात उभी राहिली ती तशीच, एक पाय पुढं टाकून, आता पळू की मग अशी.

"बाई, वळखलं का?"

"तुला न ओळखायला काय झालं? चप्पल घालूनच आत ये, फरशी गार आहे."

पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. "बाई, मला माझा फोटो पाह्यजे. जिल्ह्याच्या मॅचचा. तुमच्या भावानं काढलेला."

तिची धाकटी काजल एका निवासी क्रीडा शाळेत निवडली गेलीय. बुधवारपर्यंत फॉर्मवर वडिलांची सही हवी होती, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. पण घरात थोरल्या दिरांचा शब्द चालतो. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, पोरगी चड्डीवर गावोगाव पळणार, मंग तिची सोयरीक कोण करणार?

"अन् तुझा नवरा काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार? ते भावाच्या तोंडाकडं बघतात." मंदानं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हणलं, मी बी पळले की. जिल्ह्याला खेळले. माझी झाली ना सोयरीक, तुमच्याच घरात? तर सगळे हसायला लागले, बाई. काजलसुद्धा! म्हणती, आई, तुला पायऱ्या चढताना धाप लागती."

आणि ऐक, तिची थोरली जाऊ म्हणजे आपली शकू. माझ्या घोषणा पथकातली! एकाच शाळेतल्या दोघी एकाच घरात पडल्या आणि लग्नानंतर खो-खोचं नावही काढलं नाही. मंदा घरच्यांना म्हणाली, शकूला विचारा, ती होती तिथं. शकूनं भाकरी थापता थापता मान खाली घातली आणि म्हणाली, "मला न्हाई आठवत."

"म्हणून फोटो पाह्यजे, बाई. फोटोला तर आठवत असंल ना?"

मी तिला छातीठोकपणे सांगितलं, माझ्या अरुणनं एकही निगेटिव्ह फेकलेली नाही, तू निर्धास्त जा. असं सांगितलं रे मी! तुझ्या जिवावर.

रविवारी सकाळीच तुझ्या घरी गेले. तुझ्या कल्पनानं माळ्यावरचे बिस्किटांचे डबे काढून दिले. पातळ कागदाच्या पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या, वर पेन्सिलीनं तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर: शाळा, सामना, मैदान. खिडकीशी बसून एकेक पट्टी उजेडाला धरायला लागले. खरं सांगू, सुरुवातीला नुसती हसत होते. किती सामने होते आपले! तू पांढरी कापडी टोपी घालून खांबाजवळ गुडघ्यावर बसायचास. मी ओरडायचे, अरे, सावलीत ये. तू म्हणायचास, "ताई, खांबाला वळसा घालतानाच पोरीचा चेहरा दिसतो. एरवी नुसती पाठ." त्या एका चेहऱ्यासाठी तू दोन-दोन तास उन्हात बसायचास.

मंदाचं पाकीट सापडलं. जिल्ह्याचा अंतिम सामना, जालन्याचं मैदान. अख्खा डाव पोरगी बाद झाली नव्हती. पट्टी उजेडाला धरली. वळसा घेताना कललेलं अंग, खांबावर हात, उडालेली वेणी, गुडघ्यावरची पट्टी, सगळं होतं.

चेहरा नव्हता.

चेहऱ्याच्या जागी लख्ख काचेसारखा ठिपका. बुरशी असेल म्हणून पदरानं पुसला. पुसला जाईना. मग बोट लावलं तर खरखर लागली. ब्लेडनं खरवडलेलं होतं, अरुण. नीट, सांभाळून, कानाच्या पाळीपर्यंत. तुझा हात किती सफाईचा होता ते मी ओळखणार नाही?

पुढचं पाकीट उघडलं. त्याच्या पुढचं. कुठं एकीचा चेहरा गेलेला आणि शेजारच्या दोघी हसतायत. कुठं मैदानाच्या मधल्या पाटीवर बसलेल्या रांगेतल्या चौघी गेलेल्या. माझ्या मुली! ज्यांच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, चार-चार कप चहा पिऊन मी त्यांच्या आईबापांना राजी केलं होतं, त्या.

कल्पना दारात उभी होती. म्हणाली, "ताई, तुमाला खरंच माहीत न्हवतं?"

मग तिनं सांगितलं. लग्न ठरलं की तुझ्या फोटोच्या दुकानात बाप यायचा, नाहीतर भाऊ. शटर अर्धं खाली ओढून म्हणायचा, आमच्या पोरीचे पळतानाचे फोटो राहायला नकोत. "ह्यांनी कधीच वाद घातला न्हाई. चहा पाजायचे, अन् त्याच्या डोळ्यांदेखत बराबर खरवडून द्यायचे. म्हणायचे, एका पोरीच्या लग्नापुढं फोटो काय चीज हाय?"

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सक्त ताकीद होती. ताईला कळलं तर ती मांडवात जाऊन भांडंल, म्हणायचे."

भांडलेच असते! नवरदेवाच्या घोड्यासमोर उभी राहून भांडले असते! तुला भीती कुणाची वाटत होती रे, त्या बापांची की माझी?

तुला मी वाईट माणूस म्हणू शकत नाही, हाच माझा सगळ्यात मोठा त्रास आहे. तू भला होतास. कुणाला नाही म्हणायचं तुझ्या जिवावर यायचं. त्या बापांना वाटलं, अरुणभाऊंनी आपली लाज राखली. तुलाही तसंच वाटलं असणार. पण त्या चेहऱ्याच्या मालकिणीला कुणी विचारलं? तू एकीला तरी विचारलंस का, की बाई गं, तुझा चेहरा काढून टाकू का?

आणि माझं तरी काय? शाळेच्या बोर्डावरचे फोटो नव्या इमारतीच्या बांधकामात गेले तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, अरुणकडं आहेत. एकदाही डबा उघडून पाहिला नाही. मुलीची पत्रिका आली की आहेर घेऊन जायचे, जेवायचे आणि परत यायचे.

तुझा पहिला फोटो आठवतो? मी जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत, आमचा स्पोर्ट्स डे. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना खडूची पूड चोळलेली, आणि सिस्टरची शिटी. तू काकांचा कॅमेरा गळ्यात अडकवून कंपाउंडच्या भिंतीवर चढलेला. मी रिलेची काठी घेऊन पहिली आले आणि तू फोटो काढलास. धुवून आला तर त्यात माझे पाय होते, काठी होती, फ्रॉक होता, डोकं नव्हतं! घरात सगळे पोट धरून हसले. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू रडकुंडीला येऊन म्हणाला होतास, "ताई, परत कधी कुणाचं डोकं न्हाई कापणार. शपथ."

शपथ घेतली होतीस, अरुण. माझं डोकं गेलं ते चुकून. यांचे चेहरे तू ठरवून घालवलेस.

डब्याच्या तळाशी एक जाड पाकीट होतं. वर लिहिलेलं, 'ताईची बोंबाबोंब पार्टी'. माझं घोषणा पथक! ज्या मुलींना घरून मैदानात उतरू देत नव्हते, त्यांना मी रेषेबाहेर उभं करायचे. अंगभर सलवार-कमीज, केसांना लाल रिबिनी, हातात डफली आणि रॉकेलचे रिकामे डबे. खेळायचं नाही ना? मग निदान घसा तरी मोकळा करा! मंदा पळायला लागली की सगळ्या एका सुरात:

इकडं खांब, तिकडं रांग,
आमची मंदा कुठंय, सांग!

पळणाऱ्या मुली सोडून तू मध्येच कॅमेरा त्यांच्याकडं वळवायचास. ते फोटो एकूण एक शाबूत आहेत. एकाही चेहऱ्याला ब्लेड लागलेलं नाही. का लागेल? अंगभर कपड्यांतल्या, रेषेबाहेरच्या मुली. त्यांची कुणाच्या बापाला लाज वाटणार?

त्यातल्या एका फोटोत, डावीकडून तिसरी, शकू. चेपलेला डबा छातीशी धरलेला आणि तोंड इतकं उघडलेलं की दाढा मोजाव्यात. डोळे कुणाच्या तरी मागे धावतायत.

सोमवारी जालन्याला जाऊन दोन्ही फोटो मोठे करून आणले. निगेटिव्हवर जे कोरं दिसतं ते कागदावर काळं उमटतं, हे तूच मला शिकवलं होतंस. तसंच उमटलं. खांबाला वळसा घालणारं ते सुंदर अंग आणि मानेच्या वर काळा डाग.

मंगळवारी मंदाला भोकरदनच्या स्टँडवर भेटले. पाकीट तिच्या हातात द्यायचा धीर होईना. म्हटलं, "चेहरा नाही गं. माझ्या भावानं…" आणि पाकीट पुढं केलं.

तिनं फोटो उन्हात धरला. बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होते, आता ही रडेल.

"हा आमच्या बाबांचा कारभार," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी अरुणभाऊंच्या दुकानात गेल्ते. मला वाटलं, लग्नाच्या फोटोचं ठरवायला." मग बोटानं गुडघा दाखवला. "पण बाई, गुडघा माझाच हाय बघा. ही पट्टी तुम्हीच बांधली होती."

"हो. आणि तू मला शिवी घातली होतीस."

"मनातल्या मनात!" ती हसली. एकदम पंधरा वर्षांची दिसली. मग म्हणाली, "दोन्ही द्या. आहे तसेच द्या."

आज, बुधवारी दुपारी तिचा फोन आला. मागं बकऱ्या ओरडत होत्या, मला तिला वारंवार "काय?" विचारावं लागत होतं, पण जे ऐकलं ते तुला सांगते.

सकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा तिनं दोन्ही फोटो भाकरीच्या टोपल्याशेजारी ठेवले. दादांनी पहिला उचलला. "हे काळं तोंड कुणाचं?"

"माझं. तुमच्या घरात यायच्या आधी माझ्या बापानं करून घेतलं."

मग मंदा म्हणाली, "काजल हुशार हाय. आज न्हाई तर उद्या तिचा बी फोटो कुणीतरी काढणार. तिचं तोंड कुणी खरवडायचं ते आत्ताच ठरवून घ्या. दादा, तुम्ही खरवडणार का हिचा बाप?"

"जास्त बोलून राह्यलीस तू," दादा म्हणाले.

तेवढ्यात शकू चुलीजवळून उठली. पिठाचे हात झटकले, दुसरा फोटो उचलला आणि नवऱ्यासमोर धरला.

"ही मी."

"कोण तू?"

"ही डबेवाली. मला घरचे खेळू देत न्हवते, म्हणून वरडायचे. घसा बसेस्तोवर वरडायचे. अन् हिच्यासाठी वरडायचे." तिनं मंदाकडं हात केला. "मला सगळं आठवतं."

आणि अरुण, त्या बाईनं, घरात कधी आवाज वर न केलेल्या त्या थोरल्या सुनेनं, नवऱ्यासमोर उभं राहून ठणठणीत आवाजात म्हटलं:

"इकडं खांब, तिकडं रांग, आमची मंदा कुठंय, सांग!"

मंदा फोनवर म्हणत होती, "बाई, काजलच्या हातातला घास हातातच राह्यला. अन् हिच्या बापानं भावाच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. म्हणले, पेन आणा."

सही झाली. फॉर्म गेला.

म्हणून तुला माफ केलं, असं समजू नकोस. तू खरवडलेला फोटो कामी आला, यात तुझा काही मोठेपणा नाही. तो मंदाचा आहे, आणि शकूचा. मी अजून रागावलेली आहे आणि बरेच दिवस राहणार आहे. तू चेहरे ठेवले असतेस तर मला कागदावर त्यांच्याकडं नुसतं बघता आलं असतं. आता एकेकीला शोधत फिरावं लागणार आहे.

फिरणार आहे. तुझे सगळे डबे मी घरी आणलेत. प्रत्येक काळ्या डागामागं कोण आहे ते मला गुडघ्यांवरून, वेण्यांवरून, पळण्याच्या ढबीवरून कळतं. एकेका पाकिटावर तुझ्या मुंग्यांखाली माझ्या ठसठशीत अक्षरात नाव लिहितेय. मग एकेकीच्या दारात जाऊन विचारणार, बाई गं, हा तुझा फोटो, तुला हवा का? तू जे विचारायला हवं होतंस, ते मी विचारणार.

आणि काजलच्या पहिल्या सामन्याला मी खांबाजवळ बसणार आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा स्टूल नेईन. तुझा शेवटचा तो नवा कॅमेरा कल्पनानं दिलाय, बटण कुठलं दाबायचं तेही दाखवलंय. काजल वळसा घेईल तेव्हा मी दाबेन. तिचं डोकं कापलं जाईलसुद्धा. गेलंच तर ते चुकून जाईल. आणि मी पुढच्या सामन्याला परत जाईन, तिचा चेहरा नीट येईपर्यंत जात राहीन. शपथ.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझीच,
ताई