मामाची मांडी

नागपूर,
ता. १४ फेब्रुवारी १९५८

सौ. प्रयागबाईले धाकट्या इंद्रभानचा नमस्कार. जानराव दाजीले नमस्कार अन् बबनले लय लय मुके. मुके आजवर कधी लिहिले नव्हते. काहून, ते पुढं सांगतो.

तुहं पत्र पोचलं. तूर चांगली झाली, म्हैस वियाली, वाचून बरं वाटलं. खाली मात्र तू दाजीच्या हातून लिहून घेतलं की जावळ निघंन तं मामाच्या मांडीवरच, नाही तं पोरगं वेण्या घालून शाळेत जाईन. किन्हीराजाच्या बाया त्याले पोरगी म्हणून चिडवतात म्हणे. तिसरं वर्ष सरत आलं, तुहा राग मले समजते.

गेल्या साली लिहिलं होतं की मिल रजा देत नाही. ते खोटं होतं. रजा शिल्लक होती.

दिवाळीले जऊळक्याच्या ठेसनावर तू बबनले माह्या हाती द्यायले गेलीस, तवा मी त्याले सोडून तुहं गाठोडं उचललं. तुह्या डोळ्यात पाणी आलं. तुले वाटलं, भाऊ आता शहरातला झाला. बाई, तसं नव्हतं. मले लेकराच्या तोंडाजवळ श्वास घ्यायची भीती वाटत होती.

आमच्या चाळीच्या मागंच मिलचं धुराडं आहे. पांढरं धोतर दोरीवर टाकलं तं संध्याकाळी राखुंडी फासल्यावानी होते. आत कापसाची धूळ, बाहेर कोळशाचा धूर. दोन सालापासून सकाळी खोकलो की काळं पडते. एक दिवस त्यात लाल दोरा दिसला. मी समजलो, क्षय. कोणालेच सांगितलं नाही.

दिवाळीनंतर चाळीत सरकारी डॉक्टर आले. धुरानं माणसाच्या अंगात काय होते ते त्यायले पाहायचं होतं. कोणाचं रक्त घेतलं, कोणाले नळीत फुंकायले लावलं, अन् सकाळची पहिली थुंकी आणायले एकेक डबी दिली. मले वाटलं, क्षय निघाला तं मिलवाले त्याच दिवशी काढतीन. माह्या खोलीत शेलूबाजारचा रतनसिंग राह्यते. पहाटे उठून शंभर जोर मारणारा गडी. "मले काय झालं?" असं म्हणून त्यानं तपासणीत नावच दिलं नव्हतं. मी डबी त्याच्यापुढं धरली. तो म्हणे, "मांगून मांगून काय मांगतोस, तं थुंकी." हसत हसत दिली. मी माह्या नावानं नेऊन ठेवली.

महिन्यानं माह्या नावाची चिठ्ठी आली. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत, ताबडतोब या.

आता जे लिहितो ते दाजीले मोठ्यानं वाचू देऊ नको, तुह्यापुरतं हळूच वाचायले सांग. मले पहिल्यांदा हायसं वाटलं. ते जंतू माहे नव्हते ना. मंग पहाटे रतनसिंग जोर काढताना दिसला अन् माही मलेच लाज वाटली. तरी दोन दिवस मी गप राह्यलो. तिसऱ्या दिवशी सारं सांगितलं. तो शिवी देईन असं वाटलं होतं. तो बाजेवरून उठला. सदरा घातला अन् म्हणे, "चाल, संगं चाल."

डॉक्टरनं मले सगळ्यायसमोर झाडलं, अन् बरोबरच झाडलं. मंग माही स्वतःची थुंकी घेतली. एका खोलीत राह्यतो म्हणून तीनदा तपासली, मधी दिवस जाऊ दिले, छातीचा फोटो काढला. गेल्या हप्त्यात सारं हाती आलं. क्षय नाही. रक्त चांगलं आहे. लाल दोरा जोरात खोकल्यानं घशातून येत होता. माही फुंक मात्र माह्या वयाच्या माणसापेक्षा कमी भरते, ती धुरानं अन् कापसानं. धुळीचं खातं सोड अन् धुराड्यापासून दूर खोली घे, म्हणाले. कापड घडी करायच्या खात्यात बदली मिळाली, खोली रेल्वे लाइनीच्या पल्याड पाहिली.

मी एकच गोष्ट विचारली, लहान पोरगं मांडीवर घेतलं तं चालंन का. डॉक्टर कागदातून वर पाहत म्हणे, "एक कायले, दोन घे." बाई, मी तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो.

रतनसिंगचं दुखणं सुरुवातीलेच सापडलं. दवाखान्यात ठेवलं आहे, रोज सुई टोचतात, गोळ्या देतात. वजन चार पौंड वाढलं. त्याच्याकडे जातो तवा मान वर होत नाही. तो म्हणते, तुह्या लबाडीनं मी वाचलो, आता बहिणीच्या म्हशीचं तूप आण. तेवढं एका डब्यात काढून ठेव.

सोमवारी, ता. २४ ले, अकोल्याहून दुपारच्या गाडीनं जऊळक्याले उतरतो. न्हाव्याले सांगून ठेव. तवरीक बबनच्या केसाले कोणाले हात लावू देऊ नको.

अन् ठेसनावर गाठोडं दाजीले उचलू दे. माहे हात रिकामे पाहिजेत.

बबनचा मामा,
इंद्रभान